प्रारंभिक अभिप्रायाचे प्रामाण्य : दस्तऐवज-वाटपाच्या एका उत्पादनाचे उदाहरण

१

एखादा नवा उद्योग आपले पहिले उत्पादन बाजारात आणू पाहतो तेव्हा भांडवलाच्या प्रश्नाइतकाच निकडीचा असा आणखी एक प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो. हे उत्पादन लोकांना हवे आहे काय, आणि हवे असल्यास ते त्यांना वापरता येईल काय, हे उत्पादन पुरे होण्यापूर्वीच कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय. ह्यावर सर्वत्र दिला जाणारा सल्ला असा की, उत्पादन अपुरे असतानाच ते चार लोकांपुढे ठेवावे आणि त्यांचा अभिप्राय घ्यावा. सल्ला योग्यच आहे. परंतु तो अपुरा आहे. कारण 'अभिप्राय' ह्या एकाच शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा गोष्टी मोडतात. तज्ज्ञाने दिलेले मत, उत्सुक माणसाने नोंदविलेले नाव आणि अपरिचित माणसाने उत्पादन हाताळताना केलेली चूक, हे तिन्ही अभिप्रायच होत. तथापि ज्या प्रश्नाचे उत्तर एकापासून मिळते त्याचे दुसऱ्यापासून मिळत नाही. अभिप्राय घेतला की नाही ह्यापेक्षा कोणत्या प्रश्नासाठी कोणाचा अभिप्राय प्रमाण मानला, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

दस्तऐवज एकमेकांना देण्याघेण्याची सोय करणाऱ्या उत्पादनांच्या बाबतीत हा भेद विशेष ठळकपणे दिसतो. सामान्य उत्पादनास वापरणारा एक असला तरी पुरे. दस्तऐवज-वाटपाच्या उत्पादनास मात्र निदान दोघे लागतात : दस्तऐवज पाठविणारा प्रेषक आणि तो घेण्यासाठी बोलाविला गेलेला निमंत्रित. प्रेषकाने ते उत्पादन स्वेच्छेने निवडलेले असते. निमंत्रिताने ते निवडलेले नसते. ह्या दोघांच्या मनःस्थितीत मोठे अंतर असल्यामुळे एकाच्या अभिप्रायावरून दुसऱ्याविषयी काढलेले अनुमान सदोष होण्याचा संभव असतो. 'ड्रॉपबॉक्स' ह्या अमेरिकन उत्पादनाचा २००७ ते २०१० ह्या काळातील इतिहास ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

२

ड्रॉपबॉक्सची कल्पना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेचा पदवीधर ड्रू हाउस्टन ह्याची. बॉस्टनहून न्यू यॉर्कला बसने जात असता आपला पेन ड्राइव्ह घरी विसरल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि त्या वैतागातून प्रवासातच त्याने ह्या कार्यक्रमाच्या आज्ञावलीस आरंभ केला, असे त्याने सांगितले आहे. कल्पना थोडक्यात अशी : संगणकावर एक विशिष्ट फोल्डर असावे, त्यात ठेवलेली फाइल आपोआप दूरच्या सर्व्हरवर जावी आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या संगणकावर, किंवा त्याने ज्यास बोलाविले असेल त्याच्या संगणकावर, तशीच उमटावी. फाइलमध्ये बदल केल्यास तोही सर्वत्र पोचावा.

कल्पना सांगण्यास सोपी असली तरी बांधणीस अवघड होती. निरनिराळ्या संगणकप्रणालींच्या फाइल-व्यवस्थेत खोलवर शिरून काम करणारा, आणि कोणाचाही दस्तऐवज नष्ट होऊ न देणारा कार्यक्रम अर्ध्या-कच्च्या स्वरूपात शेकडो लोकांच्या हाती देता येण्यासारखा नव्हता. ज्या उत्पादनातील दोषामुळे वापरणाऱ्याचा प्रबंध किंवा हिशेबाची वही नाहीशी होऊ शकते, ते चाचणीसाठी म्हणून वाटणे हे धोक्याचेच असते. म्हणून उत्पादनाऐवजी उत्पादनाचे चित्रण दाखविण्याचा मार्ग हाउस्टनने पत्करला. एप्रिल २००७ मध्ये, नवउद्योगांना आरंभीचे साहाय्य देणाऱ्या 'वाय कॉम्बिनेटर' ह्या संस्थेकडे अर्ज करण्याच्या सुमारास, त्याने एक लहानशी चित्रफीत 'हॅकर न्यूज' ह्या संगणकज्ञांच्या चर्चापीठावर सादर केली.

तेथे मिळालेल्या अभिप्रायांत उत्सुकता होती, सूचना होत्या आणि आक्षेपही होते. त्यांपैकी एका वाचकाचे आक्षेप पुढे विशेष गाजले. त्याचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. पहिला मुद्दा असा की, लिनक्स वापरणाऱ्यास अशी व्यवस्था स्वतःच सहज उभारता येते, एक एफ.टी.पी. खाते, ते आपल्या संगणकास जोडणारे एक साधन आणि आवृत्त्यांची नोंद ठेवणारी एक प्रणाली एवढे असले की काम भागते. दुसरा मुद्दा, पेन ड्राइव्हची गरज ह्यामुळे पुरती नाहीशी होत नाही. जेथे इंटरनेट नसेल तेथे व्याख्यानाची सामग्री बरोबर न्यावीच लागते. तिसरा मुद्दा, हे उत्पादन लोकांमध्ये आपोआप पसरेल किंवा त्यातून उत्पन्न होईल असे दिसत नाही.

ह्या आक्षेपांचा पुढे पुष्कळदा उपहास झाला. परंतु तो न्याय्य नव्हे. आक्षेप घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. पहिला मुद्दा वस्तुस्थितीस धरून होता. सांगितलेली व्यवस्था खरोखरच उभारता येण्यासारखी होती. दुसरा मुद्दाही त्या काळी खरा होता. चूक असेल तर ती त्या विधानांत नसून त्यांवरून काढावयाच्या निष्कर्षात होती. 'मला हे स्वतः करता येते' ह्या विधानावरून 'इतरांना ह्याची गरज नाही' असे निष्पन्न होत नाही.

न्यायदर्शनातील परिभाषेचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. त्या दर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. त्यांपैकी शब्दाचे प्रामाण्य बोलणारा आप्त असण्यावर अवलंबून असते. आणि आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा व जाणली तशीच सांगणारा. ह्या लक्षणात दोन अटी आहेत. सांगणारा प्रामाणिक असला तरी तो ज्या विषयाविषयी बोलतो तो विषय त्याने जाणलेला असला पाहिजे. प्रस्तुत वाचक तंत्राच्या विषयात आप्त होता. तंत्र न जाणणाऱ्या माणसाच्या गरजेविषयी तो आप्त नव्हता. उत्पादनाविषयी मते गोळा करणाऱ्याने प्रत्येक मतास हाच प्रश्न विचारावयाचा असतो : हे सांगणारा ह्याच गोष्टीचा जाणता आहे काय? स्नेह्यांनी केलेल्या स्तुतीसही हीच कसोटी लागू पडते; तेथे बहुधा दुसरी अट ढिली झालेली असते.

३

मतापेक्षा कृती हे अधिक भरवशाचे गमक होय. मत देण्यास काही खर्चावे लागत नाही. कृतीस थोडे तरी मोल पडते. मार्च २००८ मध्ये हाउस्टनने 'डिग' ह्या संकेतस्थळाच्या वाचकांसाठी दुसरी चित्रफीत केली. तीत उत्पादनाचे काम दाखविलेले होतेच. शिवाय त्या वाचकवर्गालाच कळतील अशा खुणा आणि विनोद जागोजाग पेरलेले होते. उत्पादन तेव्हा सर्वांस खुले नव्हते. उत्सुक माणसाला प्रतीक्षायादीत आपला ई-मेल पत्ता नोंदविता येत असे. हाउस्टनने दिलेल्या माहितीप्रमाणे ही यादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. एरिक रीस ह्याने 'द लीन स्टार्टअप' (२०११) ह्या आपल्या ग्रंथात ह्या चित्रफितीचा दाखला किमान स्वरूपातील उत्पादनाचा एक प्रकार म्हणून दिला आहे. कारण तिने उत्पादन पुरे करण्याआधीच मागणीविषयीचा मूळ तर्क पडताळून पाहिला.

ह्या आकड्यावरून काय सिद्ध होते, हे मात्र काटेकोरपणे पाहिले पाहिजे. पत्ता नोंदविणे ही कृती असली तरी ती अल्पमोली कृती आहे. तीवरून इच्छा दिसते, पैसे देण्याची तयारी दिसत नाही. शिवाय ही इच्छा कोणाची, हाही प्रश्न उरतो. एव्हरेट रॉजर्स ह्याने 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' (१९६२) ह्या ग्रंथात नव्या वस्तूचा अंगीकार करणाऱ्यांचे पाच वर्ग कल्पिले आहेत. त्याच्या मांडणीत सर्वांत पुढे असणारे नवप्रवर्तक २.५ टक्के, त्यामागून येणारे आद्य अंगीकर्ते १३.५ टक्के, पूर्वबहुसंख्य व उत्तरबहुसंख्य प्रत्येकी ३४ टक्के आणि मागे रेंगाळणारे १६ टक्के असतात. नव्या तंत्राच्या बातम्या आवडीने वाचणारा समाज हा उघडच पहिल्या दोन वर्गांतील. त्यांची ओढ नव्या वस्तूकडे नवेपणामुळेच असते, आणि तिच्यातील अडचणी ते हौसेने सोसतात. म्हणून प्रतीक्षायादीने 'हे कोणास तरी हवे आहे' एवढे सिद्ध केले. 'ते सामान्य माणसास वापरता येईल' हे तिने सिद्ध केले नाही, आणि ते तिच्याकडून सिद्ध होण्यासारखेही नव्हते.

४

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका अत्यंत साध्या प्रयोगातून मिळाले. कंपनीने एक जाहिरात देऊन अर्ध्या तासासाठी ४० डॉलर ह्या मोबदल्यावर काही माणसे बोलाविली. त्यांना संगणकापुढे बसवून सांगण्यात आले की, ड्रॉपबॉक्सचे निमंत्रण असलेला हा ई-मेल आहे. येथून आरंभ करून अमुक पत्त्यावरील माणसास एक फाइल उपलब्ध करून द्यावी. पाच माणसांनी प्रयत्न केला. एकासही ते साधले नाही. बहुतेकांना तर कार्यक्रम आपल्या संगणकावर उतरवून कसा घ्यावा हेच उमगले नाही. जे उत्पादन त्याच्या कर्त्यांना इतके सरळ वाटत होते, ते पाचही अपरिचितांना अगम्य ठरले. त्यानंतर कंपनीने सुमारे ८० अडचणींची यादी केली आणि एकेक अडचण घासून काढली. निमंत्रण मिळाल्यावर प्रत्यक्ष वापरास लागणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे वाढत गेले, असे हाउस्टनने नमूद केले आहे.

पाच ही संख्या फार लहान आहे, असा आक्षेप संख्याशास्त्राचा विद्यार्थी घेईल. त्याचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. पहिले अंग प्रमाणाचे. पाचांपैकी शून्य यशस्वी झाले ह्यावरून सर्व लोकांतील यशाचे प्रमाण शून्य आहे असे ठरत नाही. परंतु निम्मी माणसे यशस्वी होऊ शकत असती, तर पाचही जण अयशस्वी होण्याची संभाव्यता ३२ मध्ये १, म्हणजे सुमारे ३ टक्केच असती. ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर यशाच्या प्रमाणाची वरची मर्यादा सुमारे ४५ टक्के येते. अर्थात् पैशासाठी जाहिरातीस उत्तर देणारी माणसे हा यादृच्छिक नमुना नव्हे, हे स्मरणात ठेवले पाहिजे. तथापि निम्म्याहून अधिक निमंत्रित दारातूनच परत जात असावेत, हा संशय धरण्यास एवढा पुरावा पुरेसा होता. आणि संशय दूर करण्याचा उपाय स्वस्त होता.

दुसरे अंग दोष शोधण्याचे. येथे प्रमाण मोजावयाचे नसून दोष उघडकीस आणावयाचे असतात. जेकब निल्सन आणि टॉमस लँडाउअर ह्यांनी १९९३ मध्ये ह्यासाठी एक गणिती प्रतिमान मांडले. एका माणसाच्या चाचणीत एखादा दोष सापडण्याची सरासरी संभाव्यता 'ल' मानली, तर 'न' माणसांच्या चाचणीत सापडणाऱ्या दोषांचा अंश १ − (१ − ल)न इतका असतो. येथे 'न' हा घात समजावयाचा. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत 'ल'ची सरासरी सुमारे ३१ टक्के आली. हे मूल्य घातले असता पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. सरासरीचा हा आकडा सर्वत्र लागू पडेल असे नाही. दोष क्वचित् घडणारा असेल तर 'ल' फार लहान असते आणि पाच माणसे पुरत नाहीत. तसेच वापरणारे भिन्न प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातून वेगळी माणसे घ्यावी लागतात. परंतु एक निष्कर्ष ह्या सूत्रातून निर्विवादपणे निघतो : पंधरा माणसांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच माणसांची चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाचांची चाचणी, असा क्रम अधिक फलदायी असतो.

अशा चाचणीत विचारण्यापेक्षा पाहण्यास महत्त्व आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन ह्यांनी १९७७ च्या आपल्या निबंधात दाखविले की, माणसे आपल्या वर्तनाची जी कारणे सांगतात ती पुष्कळदा स्वतःच्या मनोव्यापारांच्या ज्ञानातून आलेली नसून सर्वसामान्य समजुतीवरून रचलेली असतात. म्हणून 'तुम्ही येथे का थांबलात?' ह्या नंतर विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा तो येथे थांबला ही नोंद अधिक विश्वसनीय. काम चालू असतानाच मनात येईल ते मोठ्याने बोलण्यास सांगण्याची जी पद्धत आहे, तिची उपपत्ती अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन ह्यांनी १९८० मध्ये मांडली. तीत कारणे न विचारता केवळ चालू विचाराचा उच्चार मागितलेला असतो. चाचणी घेणाऱ्याने काम काय ते सांगावे, कसे करावयाचे ते सांगू नये. माणूस अडला तरी हात पुढे करू नये. आणि परीक्षा उत्पादनाची चालली आहे, त्याची नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करावे. उत्पादनाच्या कर्त्यास ह्यांतील सर्वांत कठीण जाणारी गोष्ट म्हणजे गप्प बसणे.

५

ह्या प्रयोगाचा आरंभबिंदू कोणता होता, ह्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. चाचणीस आलेल्या माणसापुढे कंपनीचे मुखपृष्ठ ठेवलेले नव्हते. दुसऱ्या कोणी तरी पाठविलेले निमंत्रण ठेवलेले होते. म्हणजे चाचणी प्रेषकाच्या मार्गाची नसून निमंत्रिताच्या मार्गाची होती. ही निवड किती मर्मावर बोट ठेवणारी होती हे कंपनीच्या पुढील इतिहासावरून कळते.

सप्टेंबर २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांस खुले झाले. ग्राहक मिळविण्यासाठी कंपनीने इंटरनेटवरील शोधाबरोबर दिसणाऱ्या जाहिराती देऊन पाहिल्या. हाउस्टनने २०१० मध्ये एका व्याख्यानात प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे एक ग्राहक मिळविण्यास २३३ ते ३८८ डॉलर खर्च येत होता. उत्पादनाची किंमत मात्र ९९ डॉलर होती. हा मार्ग उघडच आतबट्ट्याचा होता. ह्याउलट, जो माणूस दुसऱ्यास बोलावील त्यास आणि बोलाविलेल्यास अशा दोघांनाही अधिक साठवण-जागा विनामूल्य देण्याची योजना सुरू केल्यावर नोंदणी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. नोंदलेल्या वापरकर्त्यांची संख्या सप्टेंबर २००८ मध्ये १,००,००० होती, ती जानेवारी २०१० मध्ये ४०,००,००० झाली. कंपनीची वाढ ज्या दाराने झाली ते निमंत्रिताचे दार होते, आणि त्याच दारात ते पाच जण अडखळले होते. ते दार दुरुस्त झाले नसते, तर वाढलेल्या प्रत्येक निमंत्रणाबरोबर निराश होऊन परतणाऱ्यांची संख्याच वाढली असती.

ह्यावरून दस्तऐवज-वाटपाच्या उत्पादनापुरता एक नियम सांगता येईल. चाचणी नेहमी जोडीची असावी, आणि तीत निमंत्रिताच्या बाजूस अग्रस्थान असावे. प्रेषकाला उत्पादन किती आवडते ह्यावरून पहिल्या ग्राहकाची निश्चिती होते. दुसऱ्या ग्राहकाची निश्चिती निमंत्रिताला ते किती सहज उघडते ह्यावरून होते. २००५ मध्ये निघालेल्या आणि मार्च २००६ मध्ये गूगलने विकत घेतलेल्या 'रायटली' ह्या दस्तऐवज-लेखनाच्या उत्पादनात निमंत्रिताला आपल्या संगणकावर काहीच उतरवून घ्यावे लागत नसे; लेखन ब्राउझरमध्येच होत असे. तेथे निमंत्रिताच्या वाटेतील एक मोठी पायरी मुळातच गाळलेली होती. ड्रॉपबॉक्सला, त्याच्या कार्याच्या स्वरूपामुळे, ती पायरी ठेवणे भागच होते. म्हणून ती चढण्यास सोपी करणे हेच त्याचे मुख्य काम ठरले.

६

येथवरच्या विवेचनावरून तज्ज्ञाच्या मतास काही किंमत नाही असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यास ह्याच कंपनीच्या इतिहासातील एक घटना पुरेशी आहे. १९ जून २०११ रोजी आज्ञावलीतील एका बदलामुळे सुमारे चार तास अशी अवस्था होती की, कोणताही परवलीचा शब्द दिला तरी कोणाचेही खाते उघडत असे. त्या वेळात खात्यात प्रवेश झालेल्या वापरकर्त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, असे कंपनीने जाहीर केले. आकडा लहान असला तरी प्रश्न लहान नव्हता. दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला दस्तऐवज सुरक्षित राहील ह्या एकाच विश्वासावर असे उत्पादन उभे असते.

हा दोष पाच अपरिचितांच्या चाचणीत सापडला नसता. किंबहुना, ज्यास चुकीचा शब्द देऊनही आत जाता आले त्यास ते सोपेच वाटले असते. पाऊण लाखांच्या प्रतीक्षायादीतही त्याचा मागमूस लागला नसता. असे दोष शोधण्याचे सामर्थ्य तंत्र जाणणाऱ्या आणि संशय घेण्याची सवय असलेल्या परीक्षकाकडेच असते. म्हणजे मागणीच्या प्रश्नावर ज्याचे मत अप्रमाण ठरले, त्याच वर्गातील माणूस सुरक्षिततेच्या प्रश्नावर आप्त ठरतो. चाचणी घेतानाही हे भान ठेवावे लागते : ज्या उत्पादनाची सुरक्षितता अद्याप सिद्ध झालेली नाही, त्यात चाचणीस आलेल्या माणसाकडून त्याचे खरे दस्तऐवज घालून घेऊ नयेत, त्यासाठी बनविलेले दस्तऐवज द्यावेत.

शेवटी एक सावधगिरी आवश्यक आहे. ड्रॉपबॉक्सचे उदाहरण सर्वतोमुखी झाले ते त्याला यश आले म्हणून. २०१८ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात दाखल झाली. तज्ज्ञांचे आक्षेप बाजूस सारून जे उद्योग बुडाले, त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही. म्हणून 'आक्षेपांकडे दुर्लक्ष करावे' असा बोध ह्यातून काढणे तर्कदुष्ट होईल. हाउस्टनच्या बाबतीत आक्षेपांस उत्तर मिळाले ते आत्मविश्वासातून नव्हे; प्रत्येक शंकेस अनुरूप असा निराळा पुरावा शोधल्यामुळे मिळाले. गरज आहे काय ह्याचे उत्तर लोकांच्या कृतीत शोधले गेले, वापरता येते काय ह्याचे उत्तर पाच अपरिचितांच्या अडखळण्यात, आणि प्रसार व उत्पन्न होईल काय ह्याचे उत्तर खर्चाच्या आकड्यांत. नव्या उत्पादनाविषयी अभिप्राय मागण्यास निघणाऱ्याने प्रथम आपला प्रश्न लिहून काढावा, त्या प्रश्नापुरता आप्त कोण हे ठरवावे, आणि मगच दार ठोठवावे.